कोमट

डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या हॉलमध्ये, गणपतीसमोर, माझ्या सासूबाई कोमट पाणी समजून जे दोन पेले प्यायल्या ते पाणी नव्हतं, आणि तो फ्लास्क मी नेला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इथल्या मराठी मंडळाला नाही, आणि ज्यांच्यावर सगळं शेकलं त्या भाऊंनाही नाही. भाऊंना सांगायची गरजच नव्हती, त्यांना पहिल्या क्षणी कळलं होतं; पण ती काही सबब नव्हे.

मी मूळचा कमी बोलणारा. पन्नाशी जवळ आली तसं जाणवायला लागलं की कमी बोलण्याचा फायदा दर वेळी मलाच झाला आहे. म्हणून आज बोलतो, आणि बोलायला बसलो की आधी भाऊंचं थर्मामीटर आठवतं.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात तसं भाऊ थर्मामीटर लावायचे. पोलादी काडीचं, वर छोटी तबकडी, दुधासाठी वापरतात तसलं. दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात मी पुण्याहून आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ऑफिसात रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहाचा कप तोंडाला लावणार, एवढ्यात समोरच्या गृहस्थांनी काही न विचारता ती काडी माझ्या चहात घातली.

"बासष्ट," ते म्हणाले. "थांब बे. चार मिनिटं थांब."

मी थांबलो. का थांबलो, माहीत नाही. चार मिनिटांनी त्यांनी मान हलवली, मी घोट घेतला, आणि मशीनच्या त्या बेचव चहाला चक्क आल्याचा वास आला. आलं त्यात होतंच म्हणे. मी रोज जीभ भाजून घेत होतो म्हणून ते भेटत नव्हतं. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पुढे चार वर्षं मी तो चेहरा पाहिला, दुसऱ्याला चव सापडली की स्वतःला बढती मिळाल्यासारखा उजळणारा.

भाऊ नागपूरचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आठ वर्षं जपानात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करून आयर्लंडला आलेले. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "टेस्टिंगमध्येच अडकलो" म्हणायचे आणि विचारणाऱ्याच्या सूपमध्ये काडी घालायचे. त्यांनी डंडॉकजवळच्या किनाऱ्यावर समुद्रही मोजला होता. गुडघ्यापर्यंत पॅन्ट दुमडून आत गेले, वाकले, आणि किनाऱ्यावर कुडकुडणाऱ्या मला ओरडून सांगितलं, "दहा! फुलाइतकं गार!"

हे फुलाइतकं गार म्हणजे काय, ते विचारलं आणि मी संपलो.

जपानात तांदळाची एक दारू असते, साके. तिला ते लोक गारही पितात, गरमही पितात, आणि जवळजवळ दर पाच अंशांना त्यांच्याकडे वेगळं नाव आहे. बर्फाइतकी गार. फुलाइतकी गार. उन्हात ठेवलेली. माणसाच्या अंगाइतकी ऊन. भाऊ हे सांगताना खुर्चीच्या टोकाला आले होते. "एकच बाटली बे. तीच. तिला तू पाच अंश दिले की ती वेगळी बाई होते. आपल्याकडे शब्द नाहीत असं वाटते ना तुला? पाह्य ना, सगळे आहेत. आपण ते पाण्यासाठी खर्च करून राहिलो."

त्यांनी मराठी नावं पाडलेली होती. पंधराला 'माठाचं'. पस्तिसाला 'कुशीतलं'. पंचेचाळीस म्हणजे 'आंघोळीचं', पन्नास 'कढत', आणि पंचावन्नला नुसतं 'चटका'. चाळीस अंश म्हणजे 'कोमट', आणि कोमट हा शब्द उच्चारताना ते डोळे मिटायचे. आम्ही पुण्यात एखाद्याला कोमट म्हणतो तेव्हा ती शिवी असते, असं मी म्हटलं. ते खरंच दुखावले. "काहून? जे भाजत नाही अन् गारही पडत नाही, ते वाईट काहून?"

इथे माझी अडचण सांगायला हवी. माझे सासरे दारूनं गेले. साताऱ्याकडच्या एका गावात त्यांनी आधी जमीन, मग नोकरी, मग स्वतःला संपवलं. लग्नाआधी बायकोनं माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं: थेंब नाही. घरात नाही, बाहेर नाही. मी ते बारा वर्षं पाळलं होतं, आणि पाळणं मला जडही गेलं नव्हतं. त्यामुळे भाऊंच्या पहिल्या बोलावण्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, पिऊ नको, नुसता वास घे. जानेवारीतला रविवार होता, दुपारचे दोन. मी बायकोला सांगितलं, सर्टिफिकेशनच्या परीक्षेचा अभ्यास आहे, भाऊ शिकवणार आहेत. तेवढं वाक्य आयतं तोंडात आलं, याचं आज नवल वाटतं.

भाऊंचा नियम होता की चव दुपारी घ्यायची. रात्री जीभ दमलेली असते. त्यांचं भाड्याचं छोटं घर होतं, आणि त्या घराचा प्रत्येक कोपरा म्हणजे एक तापमान होतं. मागच्या अंगणातली शेड पाच अंश. स्वयंपाकघराच्या खिडकीची कड दहा. आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात, त्यात लोक टॉवेल उबेला ठेवतात. भाऊंच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या घडीत बाटल्या गुंडाळून निजवलेल्या असायच्या, अगदी तान्ह्या बाळांसारख्या. "हे उन्हातलं. तीस," ते म्हणाले. "या देशात ऊन एवढंच, कपाटातलं."

तीसच्या वर मात्र हातानं करायचं. चिनीमातीची अरुंद गळ्याची छोटी सुरई होती, जपानातून आणलेली, काठावर टवका उडालेली. पातेल्यात पाणी तापवायचं, उकळी यायच्या आधी गॅस बंद करायचा, आणि मग सुरई त्यात उभी करायची. आतली साके फुगून वर चढू लागते, गळ्यापर्यंत येते. मग सुरई उचलून बुडाला मधलं बोट लावायचं. बोटाला जे कळतं ते काडीवर ताडून बघायचं. भाऊंचं बोट एका अंशानंही चुकत नसे.

त्यांनी मला वास घ्यायला दिला. खिडकीच्या कडेवरचा काहीच बोलला नाही. माठाचा थोडा बोलला, कापलेल्या नासपतीसारखा. मग त्यांनी सुरई तापवली, स्टीलच्या फुलपात्रात ओतली आणि माझ्यासमोर धरली.

कुकरचं झाकण उघडल्यावर पहिली वाफ येते ना, ती. नुसत्या भाताची. तूप, मीठ, काही पडायच्या आधीची. तापातून उठल्यावर आई पेज द्यायची तिचा वास. डंडॉकमध्ये, बाहेर आडवा पाऊस, आणि माझ्या नाकाखाली आंबेमोहोर. मी प्यालो. वचन वगैरे काही आठवलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. प्यालो, आणि ते जिभेवरून घशाकडे न जाता आधी गालांत पसरलं, आणि मी मोठ्यानं हसलो. मी मोठ्यानं हसणारा माणूस नाही.

"किती आहे?" मी विचारलं.

"तू सांग ना बे."

"कोमट."

भाऊंनी काडी घातली. चाळीस. त्यांनी टेबलावर थाप मारली, फुलपात्र उडालं, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो.

मग रविवारमागून रविवार. एक बाटली, दोन-दोन घोटांच्या नऊ पायऱ्या, मधे भाजलेला पापड आणि कोमट पाणी, अगदी खरं. उरलेली बाटली पुढच्या रविवारी. त्या अडीच वर्षांत मी भाऊंची जीभ जड झालेली पाहिली नाही. त्यांना नशेत रसच नव्हता. नशा आली तर मोजणी चुकते म्हणायचे. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा ऑफिसातला नियम घरीही चालायचा: पेला तोच, खुर्ची तीच, पापडसुद्धा त्याच पाकिटातला.

एकदा डब्लिनच्या दुकानातून ते एक महागडी बाटली घेऊन आले. गार असताना तिला खरबुजाचा वास होता, मी वेडा झालो. म्हटलं, तापवून बघू. भाऊ नको म्हणाले, मी हट्ट केला. पंचेचाळिसाला तिला नेलपॉलिशचा वास आला. भाऊ पाच मिनिटं खिडकीशी जाऊन उभे राहिले, घरात कुणी आजारी असल्यासारखे. मग म्हणाले, "साध्या बाटलीला ऊब दे, ती बोलायला लागते. हिला नुसतं ऐकायचं होतं बे." पुढच्याच रविवारी सगळ्यात स्वस्त बाटली काढली, तीच पंचेचाळिसाला नेली, आणि ती अशी खुलली की आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानंच पीत राहिलो. बसायचं राहून गेलं.

मी बोटानं ओळखायला शिकत होतो. आधी सहा-सात अंशांनी चुकायचो. मग चार. मग दोन. घरी दुधाच्या पातेल्याला, मुलीच्या आंघोळीच्या पाण्याला, कशालाही बोट लावून आकडा बोलायचो. बायकोला वाटायचं, माझं परीक्षेचं टेन्शन. अखेर एका रविवारी मी लागोपाठ तीनदा चाळीस पकडलं. भाऊंनी कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, जाड पेनानं त्यावर लिहिलं 'कोमट', आणि तो मला दिला. "हे तुझं सर्टिफिकेट." मी ते माझ्या नव्या निळ्या फ्लास्कवर चिकटवलं, आणि तो बायकोला न दाखवता गराजमध्ये ठेवला.

भाऊंचं अक्षर सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. गणपतीच्या जेवणाचा मसालेभात तेच करायचे, सव्वाशे माणसांचा, आणि भांड्यांवरच्या पट्ट्याही तेच लिहायचे: 'तिखट', 'कमी तिखट', 'बिनतिखट'. त्यांचा 'ट' एखाद्या गळासारखा वळायचा. वर्षातला तो एक दिवस भाऊंचा असायचा. एरवी एकटा माणूस; पण त्या दिवशी सगळ्या वहिन्या त्यांना विचारून मीठ घालायच्या, पोरं त्यांच्याभोवती फिरून थर्मामीटर मागायची, आणि भाऊ दहा दिवस आधीपासून तांदूळ निवडत बसायचे. तो दिवस त्यांच्या हातून जाईल असं काही माझ्याकडून होईल, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण झालं, आणि तेही आनंदाच्या भरात.

दोन हजार सतराचा गणपती. सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या. सकाळी बायको आणि त्या तयार होत असताना मी गराजमध्ये, चोरून ठेवलेल्या बाटलीतली साके छोट्या पातेल्यात तापवली. थर्मामीटरशिवाय, एकट्यानं, नुसत्या बोटानं. मला खात्री होती की चाळीस आहे. ती फ्लास्कमध्ये भरली. डोक्यात एकच विचार: डंडॉक ते क्लोनडॉकिन सव्वा तास, तिथे पोचल्यावर जेवणं झाली की भाऊंना पार्किंगमध्ये नेईन, झाकण उघडेन आणि म्हणेन, सांगा किती. शाळेतलं चित्र दाखवायला पळत येणाऱ्या पोरासारखा मी त्या दिवशी गाडी चालवत होतो.

हॉलमध्ये पोचलो तर खुर्च्या लावायला माणसं कमी. कुणीतरी हाक मारली. मी फ्लास्क स्वयंपाकघराच्या ओट्यावर, किटलीशेजारी ठेवला. दोन मिनिटांसाठी.

आयर्लंडला आलेल्या प्रत्येक आईवडिलांना काय लागतं? कोमट पाणी. सासूबाईंनीही आल्याआल्या मागितलं. ओट्याशी उभ्या वहिनींनी बघितलं, फ्लास्कवर पट्टी आहे, भाऊंच्या अक्षरात स्वच्छ 'कोमट'. त्यांना वाटलं, वा, भाऊंनी ज्येष्ठांसाठी सोय केलीय. त्यांनी पेला भरून दिला.

मी चार खुर्च्या हातात घेऊन येत होतो तेव्हा सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "जावईबापू, ह्या थर्मासातलं पानी लई ग्वाड हाय. आनखी द्या म्हनलं मी." पेला रिकामा होता, आणि तो दुसरा होता. त्या खुशीत होत्या. गुडघे हलके वाटतायत, म्हणाल्या. शेजारी माझी बायको उभी होती, आईच्या खांद्यावर हात ठेवून.

माझ्या हातातल्या खुर्च्या मी खाली ठेवल्या नाहीत. हे का आठवतं कुणास ठाऊक, पण पुढचं सगळं घडलं तेव्हा मी त्या चार खुर्च्या धरून उभा होतो.

मंडळाचे अध्यक्ष स्वतःच्या आईसाठी पेला भरायला आले, आणि त्यांनी वास घेतला. परत घेतला. ते ओरडले नाहीत. फ्लास्क उचलून हॉलमध्ये आणला आणि हळू आवाजात विचारलं, "बाप्पासमोर हे? म्हाताऱ्या माणसांना?" मग पट्टीवर बोट ठेवलं. "अक्षर कुणाचं आहे, ते विचारायची गरज नाही."

तीस-चाळीस माणसं होती. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. ती आईच्या तोंडाचा वास घेत होती, लहानपणी वडिलांचा घेत असावी तसा. ते बघितलं आणि माझ्या घशात जे एक वाक्य होतं ते तिथेच राहिलं.

भाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात मोठा झारा. त्यांनी फ्लास्क पाहिला, तो निळा होता, त्यांचा एकही फ्लास्क निळा नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सुरईच्या बुडाला बोट लावून वाट बघतात ना, तसं. मला वाटतं त्यांनी पूर्ण दहा सेकंद दिले.

मग म्हणाले, "अक्षर माझंच होय."

एवढंच. खोटं काहीच बोलले नाहीत. एप्रन काढला, घडी घातली, वहिनींना सांगितलं, "भाताला अजून पाच मिनिटं वाफ द्या, मधे झाकण उघडू नका." आणि गेले.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "असल्या माणसाकडे तू दर रविवारी जातोस?" मी म्हणालो, "आता नाही जाणार." आणि गेलो नाही. मागच्या सीटवरून मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "युवर मॅन्स राइस वॉज ग्रँड, दो." म्हणजे, त्या काकांचा भात मात्र मस्त होता.

मंडळानं भाऊंना येऊ नका असं कधी कळवलं नाही. फक्त पुढच्या वर्षी भात बाहेरून मागवला.

तीन आठवड्यांनी सासूबाईंना विमानतळावर सोडायला गेलो. बायको चौकशीच्या खिडकीशी गेली होती. सासूबाई व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. समोर बघतच म्हणाल्या, "तुमाला त्यो थर्मास गाडीतनं काढताना बघितलं व्हतं मी."

मी वाकून व्हीलचेअरचा ब्रेक तपासला.

"आन पयल्या घोटाला मला कळलं. चाळीस वर्सं त्यो वास माझ्या उशाला हुता. दुसरा प्याला मुद्दाम मागितला. म्हनलं, ज्या पान्यापायी माझं घर वाहून गेलं त्ये लागतंय तरी कसं, बघू." मांडीवरची पिशवी सावरत म्हणाल्या, "ह्यात आग न्हवती, जावईबापू. त्यांच्यात नुसती आगच हुती." मग माझ्याकडे वळल्या. "पोरीचा संसार म्हनून मी गप बसले. तुमी कशापायी बसला? त्या भाऊंना काय सांगितलंत?"

बायको परत आली, आणि मी पुन्हा एकदा वाचलो.

ऑफिसात भाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, कामाचं. एकदाच, कॉफी मशीनपाशी, आजूबाजूला कुणी नसताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी हॉलवर पोचेपर्यंत किती होतं बे ते?"

"मोजलं नव्हतं," मी म्हणालो.

त्यांना खरंच हळहळ वाटली. "मोजायचं ना बे. एवढं सगळं झालं, आकडा तरी हाती पाहिजे होता." आणि हसले. तो दिवस त्यांच्या हातून गेला होता, आणि त्यांना चुटपुट लागली होती ती आकड्याची. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी साखरेचं पाकीट फाडत राहिलो.

दोन हजार एकोणीसच्या वसंतात ते नागपूरला कायमचे परत गेले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेलं थर्मामीटर होतं, वर पट्टी: 'तपासून बघ'. 'ट' नसलेली त्यांची ती एकच पट्टी मी पाहिली. मे महिन्यात फोनवर एक फोटो आला. गच्चीच्या कठड्यावर सुरई, शेजारी नवीन काडी. खाली लिहिलं होतं: 'नागपुरात गॅस लागतच नाही बे. नुसती ठेवली अन् आंघोळीचं झालं!' मी तो वाचून रस्त्यात उभा राहून हसलो. मग तसाच उभा राहिलो.

ते थर्मामीटर मी अजून खिशाला लावत नाही. तो अधिकार मिळायचा आहे. मी भाऊंचं एक वाक्य देणं लागतो. तीन शब्दांचं आहे, आणि ते इथे लिहून फिटत नाही. ते त्याच हॉलमध्ये, गणपतीच्या दिवशी, त्याच माणसांसमोर, बायको शेजारी उभी असताना म्हणायचं आहे: फ्लास्क माझा होता. अजून म्हटलेलं नाही.